बोकड कोणीकडे बघतो

ट्रेबर्सहाइन, १८ मे १९९३

प्रिय फोल्कमार,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी तुला याआधी शेवटचं पत्र लिहिलं ते आई गेल्याचं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

काम आहे. आपल्या गावाला झेंडा हवाय. म्हणजे सरपंच अल्विन केस्टनरला हवाय, आणि मी त्याच्या कचेरीत कारकून असल्यामुळे तो मलाही हवा असणं भाग आहे. पलीकडच्या ओबरवेंडानं गेल्या हिवाळ्यात आपलं चिन्ह सरकारकडून मंजूर करून घेतलं: निळ्या ढालीवर तीन मासे. त्या गावात धड डबकं नाही, पण मासे आहेत. तेव्हापासून अल्विनला झोप नाही. मला म्हणतो, "हिल्ट्रूड, पुढच्या वर्षी सरकार छोटी गावं एकत्र करायला निघेल. ओबरवेंडा आपल्याला एका घासात गिळेल बघ. अंगावर ढाल असली तर निदान घशात तरी अडकू."

त्यात एकोणतीस ऑगस्टला गावाला सातशे वर्षं पूर्ण होतात. त्या रविवारी झेंडा वर चढलाच पाहिजे, असं ठरलंय. आणि मनाला येईल ते चित्र चालत नाही. राज्याच्या दप्तरखान्यातले इतिहासाचे एक डॉक्टरसाहेब सगळं तपासतात आणि चिन्हाला जुना आधार मागतात. जुना शिक्का असला तर सगळ्यात उत्तम, म्हणतात.

तर सांगायचं ते असं, की शाळेच्या माळ्यावर एक जुना कागद सापडला. त्यावर लाखेचा ठसा आहे, आपल्या गावच्या शिक्क्याचा, बोकडाचा. तुला आठवत असेलच. कागद फार जीर्ण आहे, पाठवण्यासारखा नाही. त्याच्याकडे बघून मी पेन्सिलीनं बोकड काढलाय, तो सोबत ठेवते. तू कासेलला इतकी वर्षं धातूवर कोरीवकाम केलंस, तुझ्या हाताला सवय आहे. नीट रेखाटून देशील का? हिरव्या ढालीवर पांढरा बोकड. पांढऱ्याला ते चांदी म्हणतात, आणि चांदीवर सोनं किंवा रंगावर रंग चढवायचा नाही असा त्यांचा नियम आहे. चिन्ह दोनशे पावलांवरून ओळखू यायला हवं. माझा बोकड दोन पावलांवरूनसुद्धा कुत्रा वाटतो.

जुन्या गोष्टी आता गावात कोणी उकरत नाही. जमलं तर सोहळ्याला ये. असं लिही म्हणून अल्विननं सांगितलंय. मीही सांगते आहे.

तुझी बहीण
हिल्ट्रूड


ट्रेबर्सहाइन, ९ जून १९९३

प्रिय फोल्कमार,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड, त्यामुळे ते टपालवाल्या बाईला माझ्याआधी मिळालं होतं. फाटकाशीच तिनं विचारलं, "कसला बोकड हो, हिल्ट्रूडबाई? आणि कसला शिक्का?" मी म्हटलं, कचेरीचं काम आहे.

दोनच वाक्यं लिहिलीस. नव्या वर्षाच्या कार्डावर नुसतं नाव लिहितोस, त्या मानानं ही चंगळच. ‘कागदावरच्या ठशात बोकड दुसऱ्या बाजूला बघतो. शिक्का कुठे आहे?’ मी ती इतक्यांदा वाचली की आता कार्ड समोर नसलं तरी दिसतात.

त्याचं असं झालं असणार. मी चित्र खिडकीच्या काचेवर धरून दुसऱ्या कागदावर गिरवलं, आणि गिरवताना पान उलटं धरलं गेलं. माझा धांदरटपणा तुला नवा नाही. काल मी लाल मेणबत्ती वितळवून त्यात दाबून (हे खोडलंय, वाचू नकोस) काल मी तो कागद पुन्हा नीट पाहिला. तुझं बरोबर आहे. बोकड डावीकडे बघतो.

आणि हे फक्त तुझं म्हणणं नाही. दप्तरखान्याच्या डॉक्टरांचंही पत्र आलं. ते लिहितात की ढालीवरच्या प्राण्यानं बघणाऱ्याच्या डाव्या हाताला तोंड केलेलं असावं आणि झेंड्यावर त्यानं काठीकडे बघावं. माझा बोकड काठीकडे पाठ करून उभा आहे. असा झेंडा घेऊन माणूस पुढे चालला तर बोकड मागल्या मागे पळतोय असं दिसेल. इकडे बायकांनी माझ्या चित्रावरून पांढऱ्या कापडाचे नऊ बोकड कापूनही ठेवलेत. नऊच्या नऊ पळपुटे. शेजारची गुंडेल रेबहान म्हणते, "पालथे शिवू या की, बोकडाला काय कळतंय." पण कापडाची एकच बाजू चकाकते, दुसरी मळकट दिसते.

हे एक वेळ निस्तरेल. पण डॉक्टरांना ठशाचा फोटो हवाय, कागदासकट. इथंच घोडं पेंड खातंय.

तू विचारतोस शिक्का कुठे आहे. मी काय सांगणार? शिक्का एक्कावन्न सालीच गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुठे गेला ते तूच

हे वाक्य वाईट झालं. पण दुसरा कागद आणायला उठले तर हे पत्र टाकणारच नाही, म्हणून राहू देते. चित्र पाठवतोस ना? डावीकडे बघणारं?

हिल्ट्रूड


ट्रेबर्सहाइन, १७ जून १९९३

प्रिय फोल्कमार,

तुझं उत्तर नाही. आठ दिवस टपालवाली फाटकावरून नुसती मान हलवते आणि पुढे जाते. उत्तर नको असेल म्हणूनच देत नसशील, पण मला आता थांबवत नाही.

मंगळवारी सभा झाली. दप्तरखान्याचा एक छापील अर्ज आहे, त्यात रकाना आहे: शिक्का अथवा ठसा कोठे सापडला, कोणी जतन केला. अल्विननं तो मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत ओटफ्रीड झाबेल म्हणाला, "त्यात काय एवढं? लिहा, फोल्कमार स्टीब्रिट्झनं भंगारवाल्याला विकला आणि भंगारवाल्यानं जतन केला." सगळे हसले. अल्विनही हसला.

फोल्कमार, मीही हसले. शेजारची गुंडेल माझ्याकडे बघत होती म्हणून हसले.

शाळेच्या माळ्यावर काहीही सापडलेलं नाही. ठशाचा कागद नाही. शिक्का माझ्याकडे आहे. मी शिक्का समोर ठेवून त्याच्याकडे बघून चित्र काढलं. शिक्क्यावर सगळं उलटं कोरलेलं असतं ही अक्कल मला नव्हती. तुला चित्र बघताक्षणी कळलं असणार की बहिणीच्या हातात काय आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी ते चांदणं घडी घालून पाकिटात घातलं आणि तिकीट लावून तुला पाठवलं.

आता सगळं लिहिते, नाहीतर पुन्हा गुळणी धरून बसेन.

एक्कावन्नच्या मार्चमध्ये जुनी चिन्हं आणि शिक्के वितळवायला जमा करण्याचा कम्युनिस्ट सरकारचा हुकूम आला आणि तुला त्यांची पेटी सायकलवरून जिल्ह्याला पोचवायला सांगितली. तू तिच्यातून बोकड काढून घेतलास. कोंबड्यांच्या खुराड्यात, टोकाच्या घरट्याच्या फळीखाली ठेवलास. मी अंडी गोळा करायला आले होते, दाराआड उभी होते. तुला ते कधीच कळलं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि मला तुझा फार अभिमान वाटला होता.

पेटीत शिक्का कमी भरला म्हणून दुसऱ्या दिवशी ते दोघे पोलीस आले. आईनं त्यांना कॉफी दिली. तू कामावर होतास. ते स्वयंपाकघरात कपाटं उघडत होते आणि मला वाटलं, आता अंगणात जाणार. मी खुराड्यात गेले, शिक्का काढला आणि प्लमच्या मुरंब्याच्या मोठ्या बरणीत तळाशी दाबला. तुला वाचवायला, फोल्कमार. तेवढ्या घडीपुरतं तरी ते खरं होतं. बरणी त्यांच्यासमोर टेबलावर होती. एकानं तिच्यातला मुरंबा पावाला लावून खाल्लासुद्धा.

त्यांनी तुला कामावरून उचललं. चार दिवसांनी तुला घेऊन अंगणात आले. तुझा एक डोळा मिटलेला होता. तू खुराड्याकडे बोट दाखवून म्हणालास, "टोकाच्या घरट्याखाली." त्यांनी फळी उचकटली. मग सगळ्या फळ्या उचकटल्या. तू सारखं म्हणत होतास, "इथंच होता, मी इथंच ठेवला होता." त्यातला एक म्हणाला, "विकलास ना? आणि वर आम्हाला नाचवतोस?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मला फक्त बरणी उचलून बाहेर यायचं होतं.

नाही आले. आता दिला तर विचारतील, मुली, तू का लपवलास, आणि तुझ्या आईला ठाऊक होतं का. वडील नव्हते, आईला नेलं तर मी कुठे जाणार, असं वाटलं. उद्या देईन म्हटलं. मग तुला शिक्षा झाली आणि वाटलं, आता देऊन काय उपयोग. भीतीला काय, रोज नवं कारण सापडतं.

चौदा महिन्यांनी तू परत आलास. जेवताना विचारलंस, "खुराड्यातून कोणी काढला?" आईनं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. तीन आठवड्यांनी तू बर्लिनमार्गे पलीकडे, पश्चिम जर्मनीत निघून गेलास, आणि गावानं तुला चोर ठरवून टाकलं. मी त्याच कचेरीत तीस वर्षं नोकरी केली.

माफ कर असं लिहायचं होतं. लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं दिसतंय का बघ.

हिल्ट्रूड


ट्रेबर्सहाइन, ४ जुलै १९९३

प्रिय फोल्कमार,

नळकांडं पोचलं. अल्विननं चित्र खिडकीशी नेऊन पाच मिनिटं न्याहाळलं. शिंगांची वळणं, दाढी, उचललेला पुढचा पाय, आणि बघतोय डावीकडे. चित्राच्या गुंडाळीत तुझी चिठ्ठी होती. ती मी अल्विनला दाखवली नाही.

आधी गावाचं सांगते.

मी शिक्का पुढच्या सभेत नेला. रुमालात बांधून नेला आणि टेबलावर सोडला. ओटफ्रीड झाबेलनं तो उचलला, मागून पुढून बघितला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, खुराडं, बरणी, खिडकी. आवाज इतका बारीक येत होता की मागचे म्हणाले, जरा मोठ्यानं.

शेवटी अल्विन म्हणाला, "म्हणजे फोल्कमार खरं बोलत होता?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

"आणि तू त्या मंगळवारी आमच्याबरोबर हसलीस."

"हसले."

"बाई गं," तो म्हणाला आणि खिडकी उघडायला उठला. खिडकी उघडीच होती.

कोणी मला ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गुंडेल नेहमी माझ्याबरोबर घरी चालत येते, त्या दिवशी तिला दुकानात काम निघालं. ओटफ्रीड मात्र दुसऱ्या दिवशी कचेरीत आला, टोपी हातात धरून. म्हणाला, "त्याचा पत्ता दे. चाळीस वर्षं मी त्याच्या नावानं तोंड वाजवलं, आता चार ओळी मलाही लिहायला लागतील." मी पत्ता दिलाय. त्याचं पत्र आलं तर दचकू नकोस.

अर्जाचा रकाना भरला. अल्विननं सांगितलं, मी टाइप केलं: ‘सदर शिक्का फोल्कमार स्टीब्रिट्झ यांनी १९५१ साली वितळवण्यापासून वाचवला व त्याबद्दल चौदा महिने तुरुंगवास भोगला. शिक्का त्यांच्या बहिणीने लपवून ठेवला व ती गप्प राहिली.’ शेवटचे चार शब्द अल्विनचे नाहीत, माझे. तो म्हणाला, "हे कशाला? दप्तरखान्याला याच्याशी काय देणंघेणं?" मी म्हटलं, जतन कोणी केला हे त्यांनी विचारलंय, तर कसा केला तेही कळू दे. त्याची एक प्रत तुझ्यासाठी ठेवली आहे.

आता तुझी चिठ्ठी. ‘आईला माहीत होतं का?’ बाकी एक अक्षर नाही.

तीन दिवस हा कागद टेबलावर आहे. रोज सकाळी वाटतं, दुपारी लिहू.

आईला माहीत नव्हतं. तू इतकी वर्षं समजत होतास ना, की तिनं भिऊन शिक्का त्यांना देऊन टाकला? तसं समजून तू तिच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. तिनं काही दिलं नाही. तुला नेल्यावर ती महिनाभर रोज खुराड्यात जायची. दाताळं घेऊन जमीन उकरली, घाण चाळणीनं चाळली. कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या. "तो म्हणतो ना इथं ठेवला, मग इथंच असणार," असं म्हणायची. मग हळूहळू म्हणेनाशी झाली. मी बरणी तोवर तळघरात नेली होती.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली. तिला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं, कानाशी ओरडावं लागायचं. एक दिवस खोलीत चार-पाच बायका बसल्या होत्या, गुंडेल होती, ओटफ्रीडची बायको होती. आईनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "फोल्कमारनं खरंच विकला का गं तो?" बायकांच्या हातातले कप थांबले.

कुजबुजून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला समजावत आले. ओरडून सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. पण बायका पाच वाजता उठून गेल्या. मग घरात आम्ही दोघीच होतो, आणि शेजारचं घर तेव्हा रिकामं होतं, गुंडेल तिथं नंतर राहायला आली. मी कितीही ओरडले असते तरी आईशिवाय कोणाला ऐकू गेलं नसतं. मी तिची उशी सारखी केली आणि म्हटलं, झोप आता. तिला तेही ऐकू आलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

तिचा तुझ्यावर विश्वास होता का, असं तू पुढे विचारशील. अर्धा होता. उरलेला अर्धा माझ्या तळघरात होता.

हे वाचून तू सोहळ्याला यावंस असं मी म्हणणार नाही. तुला जे वाटेल ते कर. मला भीती वाटते आहे आणि यावेळी कशाची वाटते आहे तेही सांगता येत नाही.

हिल्ट्रूड


ट्रेबर्सहाइन, ३० ऑगस्ट १९९३

प्रिय फोल्कमार,

काल झेंडा चढला. मंजुरीचं पत्र गुरुवारी आलं. तोवर अल्विनचा जीव इतका टांगणीला लागला होता की तो टपालाच्या गाडीला आडवा जायचा बाकी होता. बायकांनी ते नऊ बोकड बाजूला ठेवून नवे कापले. वाऱ्यावर झेंडा उघडला तेव्हा बोकड काठीकडे बघत होता. ओबरवेंडाचा सरपंच आला होता. म्हणाला, "बरा आहे, पण आमचे तीन आहेत." अल्विन म्हणाला, "तुमचे पाण्याबाहेर आहेत." मग दोघं मिळून सॉसेज खायला गेले. गावं एक व्हायची असतील तर होतीलच, मला वाटतं.

अल्विननं चौथऱ्यावरून तुझं नाव घेतलं. रकान्यात लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, माझ्या चार शब्दांसकट. मी पहिल्या रांगेत होते आणि मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. सकाळपासून मी प्रत्येक मोटारीची पाटी बघत होते. कासेलची एकही दिसली नाही. चार वाजता मी बघणं सोडून दिलं आणि केकची ताटं धुवायला गेले.

आज सकाळी गुंडेल आली. सभेनंतर पहिल्यांदाच. दारातूनच म्हणाली, "बसत नाही, एक सांगायला आले."

काल दुपारी सगळे मैदानावर असताना ती तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला दफनभूमीत गेली होती. दोन ओळी पलीकडे, आईच्या थडग्यापाशी, एक उंच म्हातारा उभा होता. तिनं ओळखलं नाही, म्हणाली, "चालण्यावरून ओळखलं असतं, पण तो हललाच नाही." तुझ्या हातात कागद होते. तू चष्मा लावलास आणि वाचायला सुरुवात केलीस. मोठ्यानं. गुंडेल म्हणते, इतक्या मोठ्यानं की तिच्या हातातली झारी थांबली. तिला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. मग तिच्या कानावर खुराडं आलं, बरणी आली, आणि ती झारी खाली ठेवून उभी राहिली.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं गं," ती म्हणाली. "एक पत्र संपलं की दुसरं. पाच वाजता बायका उठून गेल्या, इथं तो जरा थांबला. मग ते पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं."

नंतर तू कागदांची घडी घालून खिशात ठेवलीस, टोपी घातलीस आणि मागच्या फाटकानं निघून गेलास. माझ्या घराकडे वळला नाहीस. बरोबर केलंस. मी तिथं असते तर तुझ्याकडे बघायला जागा शोधत बसले असते.

मी आज दुपारी आईकडे जाऊन आले. काही बोलले नाही, तू सगळं सांगून गेला होतास. गवत थोडं दबलेलं होतं, तेवढं बघितलं आणि परत आले.

एवढंच विचारायचं होतं, फोल्कमार. माझं अक्षर वाचताना कुठे अडलं तर नाही ना?

हिल्ट्रूड